तुम्ही विचारलंत म्हणून: जपानला पहिल्यांदा जाताना

"जपानला निघालोय. तिथे नियम फार असतात म्हणे. काही चुकलं तर?" साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे, फोटो दिसायला लागले की दरवर्षी कुणी ना कुणी मला हे विचारतं. विचारणाऱ्याने बहुधा पन्नासेक नियमांची यादी जमवलेली असते आणि ती वाचून तो धास्तावलेला असतो. मी ओसाकात चार वर्षं राहिले. ती यादी बाजूला ठेवा, असं मी सांगते. त्यातलं बरंचसं तुम्हाला आजीने शिकवलेलं आहे.

तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या उतारघरात, मुक्कामाला होते. आंघोळीनंतर घालायला तिथे सुती युकाता ठेवलेला असतो. मी तो उजवी कड वर घेऊन गुंडाळला. जेवण घेऊन आलेल्या बाईंनी ताट खाली ठेवलं, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ग्याकु देसु." उलटं आहे. मग पट्टा सोडून डावी कड वर घेतली आणि पुन्हा नीट बांधून दिला. उजवी कड वर येते ती फक्त मृताच्या कपड्यात. मला एकदम वडिलांचं वर्षश्राद्ध आठवलं. गुरुजी "अपसव्य" म्हणाले की भाऊ जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचा. देवाचं एका बाजूने, पितरांचं दुसऱ्या.

तेव्हापासून तिथले नियम मला पाठ करावे लागले नाहीत. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या रोवू नका, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. आपल्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका. दहनानंतर घरचे लोक चॉपस्टिक्सनी अस्थी वेचतात आणि कलशात भरतात, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, कधी दोघं मिळून एकच अस्थी उचलतात. आपण सावडायला जातो, ते हेच. कुणाला काही द्यायचं असेल तर त्याच्या ताटलीत ठेवा. उत्तरेकडे डोकं करून झोपणंही तिथे टाळतात, कारण बुद्धाचं निर्वाण उत्तरेला डोकं करून झालं असं मानतात. हे तर आपल्या घराघरात सांगतात. भेट देताना चार वस्तू देऊ नका. चारचा एक उच्चार 'शि', आणि मृत्यूचाही तोच.

चपला दारात काढायची सवय आपल्याला आहेच. फक्त तिथे दाराच्या आत एक खालची पातळी असते, गेनकान. बूट तिथेच काढायचे आणि मोज्यांचा पाय थेट वरच्या लाकडावर ठेवायचा. बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. पुढे तातामीची चटई लागली की घरातल्या सपाताही काढायच्या. संडासातल्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडायच्या. ही शेवटची गोष्ट नवीन माणूस हमखास विसरतो.

ओनसेनबद्दल, म्हणजे गरम झऱ्यांच्या पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांबद्दल, सगळे अडखळत विचारतात. हो, कपडे पूर्ण काढावे लागतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी असतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मगच गरम पाण्यात उतरायचं. पाणी सगळ्यांचं असतं, म्हणून छोटा पंचाही त्यात बुडवायचा नाही. संकोच वाटत असेल तर तासाभरासाठी स्वतंत्र कुंड देणारी ठिकाणं बघा. पण एकदा धीर करून जाच. कुणीही कुणाकडे बघत नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र खरंच तयारी करावी. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. बोनितो नावाच्या माशाचे वाळवलेले पापुद्रे उकळून काढलेलं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, सोबा नूडल्सच्या रश्शात असतं, भाजीतही असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मांस नको एवढाच अर्थ घेतला जाऊ शकतो. "साकाना नो दाशी मो ताबेमासेन" हे वाक्य जपानी लिपीत छापून खिशात ठेवा. माशाची दाशीही खात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बाकीचं थोडक्यात. ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका आणि पाठीवरची सॅक पुढे घ्या. टिप देऊ नका. पासपोर्ट सतत जवळ बाळगा, तसा कायदाच आहे. 1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच सार्वजनिक जागांवरच्या कचरापेट्या काढल्या गेल्या, तेव्हा कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असेल तर त्या नेता येत नाहीत, निघण्याआधी पाकिटावर बघून घ्या.

आणि टोकियो-क्योतोच्या धावपळीतून एक रात्र काढून कोयासान या मठांच्या डोंगरावर जा, हा माझा आग्रह आहे. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून दोन तासांच्या आसपास. 816 साली कूकाई या भिक्षूला हा डोंगर मठासाठी मिळाला. 835 पासून तो ओकुनोइन या आपल्या समाधिस्थानी ध्यानस्थ बसला आहे अशी श्रद्धा आहे, आणि आजही दिवसातून दोनदा त्याच्यासाठी जेवण नेलं जातं. नैवेद्य काय असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथल्या मठांतून राहता येतं आणि जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे नसलेलं, दाशीसुद्धा कोंबू या समुद्री वनस्पतीची. कांदा-लसूणही नसतो. पहाटेच्या पूजेला काही मठांत लाकडं रचून अग्नी पेटवतात, त्यात आहुती देतात आणि संस्कृत मंत्र जपानी उच्चारात म्हणतात. त्या विधीचं नाव गोमा. मूळ शब्द आपला होम. पहिल्यांदा ते ऐकताना माझे डोळे भरून आले होते. तिथे जाताना जाड मोजे घाला. हिवाळ्यात लाकडी जमीन फार गार असते आणि बराच वेळ बसावं लागतं.