तुम्ही विचारलंत म्हणून: सिड व्हिशस चेल्सी हॉटेलातच मेला ना?

नाही. तिथे मेली ती त्याची मैत्रीण नॅन्सी.

मी जर्सी सिटीत राहतो. पुण्या-नाशिकहून आलेल्या पाहुण्यांना मॅनहॅटन फिरवून आणणं हे आमच्या घरात माझ्याच गळ्यात पडलेलं काम. मोठ्यांना स्वातंत्र्यदेवता हवी असते, टाइम्स स्क्वेअर हवा असतो. बरोबरच्या काळ्या टीशर्टातल्या चिरंजीवांना मात्र तेविसाव्या रस्त्यावर जायचं असतं. पाथ गाडीतून ट्वेंटी-थर्ड स्ट्रीटला उतरायचं, सातवा ॲव्हेन्यू ओलांडून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला २२२ नंबर. लाल विटांची बारा मजली इमारत, बाल्कन्यांच्या कठड्यांवर लोखंडात घडवलेली फुलं-पानं, आणि उभी निऑनची पाटी. मान वर करून फोटो काढता काढता प्रश्न येतोच, "काका, सिड इथेच गेला ना?"

सिड म्हणजे सेक्स पिस्टल्स या इंग्लंडच्या पंक रॉक बँडचा बास गिटारवाला. खरं नाव जॉन सायमन रिची. गळ्यात कुलूप लावलेली साखळी. बास वाजवण्याच्या नावाने बरीचशी बोंबच. जानेवारी १९७८मध्ये बँड फुटला आणि त्याच वर्षी तो नॅन्सी स्पंजनबरोबर चेल्सीत राहायला आला. हॉटेलात नोंद 'मिस्टर अँड मिसेस' अशी. दोघंही गर्दच्या पुरते आहारी गेलेले. १२ ऑक्टोबरला सकाळी १०० नंबरच्या खोलीच्या बाथरूममध्ये नॅन्सी मेलेली सापडली. पोटात सुऱ्याचा एकच वार, आणि त्यातून वाहून गेलेलं रक्त. वय वीस.

पोलिसांनी सिडला धरलं, खुनाचा गुन्हा लावला. त्याने तो नाकबूल केला. पन्नास हजार डॉलरचा जामीन झाला. मग डिसेंबरात एका क्लबात मारामारी केली, तेव्हा रवानगी थेट रायकर्स बेटावरच्या तुरुंगात. तिथे नशा सुटली, म्हणजे सक्तीने सोडवली गेली. १ फेब्रुवारी १९७९ला पुन्हा जामिनावर बाहेर आला, त्या रात्री ग्रीनिच व्हिलेजमध्ये ६३, बँक स्ट्रीट इथल्या एका फ्लॅटवर सुटकेची पार्टी झाली आणि २ तारखेला सकाळी तो मेलेला सापडला. तुरुंगातल्या आठवड्यांत शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायचा तेवढाच डोस मग जीव घेतो. वय एकवीस.

आरोपीच मेला म्हटल्यावर खटला कुणावर चालवणार? फाइल बंद झाली. त्या रात्री खोलीत गर्द विकणाऱ्यांची ये-जा होती, पैसे गायब होते, अमक्याने मारलं, तमक्याने मारलं, अशा कहाण्या आजही चघळल्या जातात. मी त्यांत पडत नाही. कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही, एवढंच मुलांना सांगतो.

मरण सिडचं बँक स्ट्रीटवर झालं आणि पावती फाटली चेल्सीच्या नावावर. पण या इमारतीला त्याची सवयच आहे. दारापाशी भिंतीवर पाट्या आहेत, त्यातली डिलन थॉमसची जरूर वाचा. या वेल्श कवीने इथून मरणाकडे प्रस्थान ठेवलं, अशा अर्थाचं तिच्यावर कोरलंय. १९५३च्या नोव्हेंबरात तो इथे कोसळला खरा, पण प्राण गेला सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलात. आर्थर मिलर, आर्थर सी. क्लार्क, लेनर्ड कोहेन यांच्याही पाट्या आहेत. सिडची नाही. नॅन्सीची तर नाहीच.

मुळात १८८०च्या दशकात ही आपल्या हाउसिंग सोसायटीसारखी सहकारी घरं म्हणून बांधली होती; हॉटेल झालं १९०५मध्ये. पुढे कित्येक वर्षं स्टॅन्ली बार्ड हा मॅनेजर होता. चित्रकाराकडे भाडं थकलं तर चित्र ठेवून घेणारा, अशी त्याची ख्याती. लॉबीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असायच्या. १०० नंबरच्या खोलीत मेणबत्त्या नि फुलं घेऊन भक्तमंडळी येऊ लागतील, या धास्तीने ती खोलीच मोडून शेजारच्या घरांत मिसळून टाकली. मला तो शहाणपणा वाटतो.

कारण भक्त यायचे ते सिडचेच. नॅन्सी त्यांच्या लेखी त्याच्या गोष्टीतली एक कटकटी बाई. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी तिला जिवंतपणीच 'किळसवाणी नॅन्सी' ठरवलं होतं. १९८६मध्ये दोघांवर सिनेमा आला, तेव्हापासून दोघं अमर प्रेमी झाले, टीशर्टावर आले. सुऱ्याने मेलेल्या पोरीच्या गोष्टीला प्रेमकथा म्हणायला मला तरी जड जातं. तिची आई डेबोरा यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि फिलाडेल्फियात खून झालेल्यांच्या घरच्यांसाठी संस्था उभी केली. पंक ऐकणाऱ्या मुलांना हे नाव क्वचितच ठाऊक असतं. त्या टीशर्टवाल्यांना मी आधी हेच सांगतो. मग ते फोटो काढतात, काढोत बापडे.

यायचं असेल तर जरूर या. बऱ्याच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२२मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झालंय, बारमध्ये कुणालाही बसता येतं, दर मात्र आता कवींना परवडणारे नाहीत. काउंटरवर १०० नंबर विचारू नका. बँक स्ट्रीट तिथून पायी वीसेक मिनिटांवर आहे. तिथे लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा फोटो काढायचाच तर रस्त्याच्या पलीकडून काढा, बेल वाजवू नका.