मिरजेहून घरोघरी: आमच्या शुश्रूषा सेवेची वाटचाल

मिरजेत मोठी शस्त्रक्रिया करून घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती डिस्चार्ज कार्ड, औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली जाते. परंतु लघवीची नळी, पोटावरचा स्टोमा (मळ किंवा लघवी पिशवीत उतरावी म्हणून शस्त्रक्रियेने केलेले तोंड) किंवा नाकातून जठरापर्यंत गेलेली रायल्स ट्यूब घरी कशी सांभाळायची, हे मात्र बिल भरण्याच्या आणि गाडी बोलावण्याच्या गडबडीत दोन-चार वाक्यांत उरकले जाते. यात वॉर्डातील सिस्टरांना दोष देता येणार नाही, कारण एकेकीकडे इतके रुग्ण असतात की नातेवाइकाजवळ निवांत बसायला सवड मिळत नाही. मी स्वतः शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते आणि घरी पाठवलेले रुग्ण तुंबलेली नळी किंवा सोललेली कातडी घेऊन परत येताना पाहत होते. त्यातूनच नोकरी सोडून दोन सहकारी सिस्टरांसह ही सेवा सुरू करण्याचा निर्णय झाला.

त्या काळी घरी रुग्ण सांभाळायचा म्हणजे ब्युरोकडून मावशी किंवा मामा बोलवायचे, एवढाच मार्ग लोकांना माहीत होता. अंघोळ घालणे, कूस बदलणे, डायपर बदलणे ही कामे त्या मायेने करतात आणि आजही आमच्या कित्येक रुग्णांकडे त्या असतात. मात्र शरीरात नळी घालणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवले की नोंदणीकृत जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली परिचारिकाच नळीला हात लावेल, आणि तोही डॉक्टरांची लेखी सूचना असेल तरच. यामुळे आमचा दर ब्युरोपेक्षा जास्त राहिला आणि ‘नळी बदलायला एवढे पैसे?’ हा प्रश्न पहिली काही वर्षे प्रत्येक घरात ऐकावा लागला.

त्याचे उत्तर आम्ही काम दाखवूनच देत आलो. फोली कॅथेटर, म्हणजे टोकाच्या फुग्यामुळे मूत्राशयात टिकून राहणारी लघवीची नळी, बदलताना जुन्या नळीच्या फुग्यातले पाणी जोराने न ओढता सिरिंजमध्ये आपसूक उतरू द्यावे लागते. नवी नळी निर्जंतुक हातमोजे घालून आणि भरपूर जेली लावून आत सरकवल्यावर लघवी येताना दिसली, तरी पुरुष रुग्णाच्या बाबतीत लगेच फुगा फुगवायचा नसतो. नळी तिच्या बाहेरच्या टोकाकडील दुहेरी फाट्यापर्यंत आत गेल्यावरच फुग्यात निर्जंतुक पाणी, बहुधा १० मिलि, भरायचे असते. फुगा मूत्रमार्गातच फुगला तर आत जखम होऊन रक्तस्राव होतो. सलाइन भरले तर त्यातल्या मिठाचे स्फटिक होऊन पुढे फुगा रिकामा करताना अडचण येऊ शकते, म्हणून पाणीच वापरतात. शेवटी नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधून तारीख आणि आकार नोंदवहीत लिहिला जातो.

धंद्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड निर्णय याच कामात घ्यावा लागला. नळी जितके दिवस आत राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका दररोज वाढत जातो. म्हणून पहिल्या भेटीतच आम्ही संबंधित डॉक्टरांना विचारतो की ही नळी अजून लागणार आहे का. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या आणि हात चालणाऱ्या रुग्णांसाठी तर दुसरा मार्गही असतो. अमेरिकेतील जॅक लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ साली मांडलेल्या पद्धतीनुसार रुग्ण हात स्वच्छ धुऊन ठरावीक वेळाने स्वतःच नळी घालतो, मूत्राशय रिकामे करतो आणि नळी काढून टाकतो. डॉक्टरांची संमती असेल तर हे आम्ही शिकवतो. शिकलेल्या रुग्णाकडून पुढे आम्हाला फारसे काम मिळत नाही, आणि तसेच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. भेटी वाढवून चालणारी शुश्रूषा मला करायची नव्हती.

स्टोमाच्या कामाने आम्हाला सर्वाधिक शिकवले. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते आणि तो लहान होतो. पण घरी मात्र पहिल्या दिवशी कापलेल्या मापानेच पिशवीच्या चिकट चकतीला भोक पाडत राहतात. मग स्टोमाभोवतीची कातडी उघडी पडते आणि, विशेषतः इलिओस्टोमीमध्ये (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा स्टोमा), पाचकरसयुक्त पातळ मळाने ती भाजल्यासारखी लाल होते. कातडी ओली राहिली की पिशवी चिकटत नाही, पिशवी गळाली की कातडी आणखी बिघडते, आणि शेकडो रुपयांची पिशवी दिवसातून दोनदा बदलावी लागते. उपाय साधा आहे: प्रत्येक वेळी माप घ्यायचे आणि भोक स्टोमापेक्षा फक्त २ ते ३ मिमी मोठे ठेवायचे.

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांच्या पत्नीने जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्या मापाचा साचा केला, वरच्या बाजूला पेनाने बाण काढला आणि दर आठवड्याला तो यजमानांच्या पोटाशी धरून नवा कापायला सुरुवात केली. वास येईल या भीतीने ते पंगतीत बसणे सोडून वेगळ्या खोलीत जेवत होते. कातडी सुकली, पिशवी तीन-चार दिवस टिकू लागली, तसे ते पुन्हा घरच्यांबरोबर बसू लागले. तेव्हापासून साचा कापून देणे हा आमच्या पहिल्या भेटीचा भाग झाला आहे.

स्टोमा शुश्रूषेची आद्य तज्ज्ञ मानल्या जाणाऱ्या क्लीव्हलंडच्या नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या होत्या, आणि १९७८ साली या क्षेत्रातील परिचारिकांची जागतिक परिषद त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. आमच्या एका सिस्टरने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात याचे रीतसर प्रशिक्षण घेतले, आणि त्यानंतर आमच्या कामाचा दर्जा स्पष्टपणे बदलला.

नाकातील नळीच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, कारण नळी श्वसनमार्गात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. आम्ही नळीतून थोडा स्राव ओढून पीएच (आम्लता दाखवणाऱ्या) कागदावर पाहतो, तो ५.५ किंवा त्याखाली नसेल आणि शंका फिटत नसेल, तर अन्न द्यायचे नाही आणि एक्स-रेसाठी पाठवायचे. पुढचे सारे काम स्वयंपाकघरातले असते. मुगाचे वरण, नाचणीची पेज आणि ताक बारीक गाळून द्यावे. डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवून त्यानंतरही निदान अर्धा तास तसेच बसवावे. आधी आणि नंतर ३० मिलि पाणी सोडावे. आणि आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटू नयेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपलीकडे गेली आणि आमचे कित्येक रुग्ण वरच्या मजल्यांवर अडकले. माणसे बोटीतून हलवताना घरचे लोक लघवीची पिशवी रुग्णाच्या छातीवर ठेवत होते, म्हणजे पिशवीतली लघवी पुन्हा मूत्राशयात जायची भीती. पिशवी आधी रिकामी करा आणि कमरेखालीच धरा, एवढे फोनवर सांगण्यात आमचे ते दिवस गेले. त्यानंतर दर मे महिन्यात पूररेषेतल्या घरांची यादी करून पिशव्या आणि नळ्यांचा जादा साठा तिथे आधीच पोहोचवण्याची पद्धत आम्ही घालून घेतली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले, तेव्हा त्या यादीतल्या घरांना साठ्याची चणचण भासली नाही.

मिरजेत उपचारासाठी अथणी, रायबाग, जमखंडीकडूनही लोक येतात. त्यामुळे सूचनांचे कागद आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापले आणि त्या बाजूसाठी कर्नाटकात नोंदणी असलेल्या सिस्टर नेमल्या. लांबच्या गावांसाठी प्रत्येक दिशेचा वार ठरलेला आहे, जेणेकरून प्रवासाचा खर्च एकाच घरावर पडत नाही.

आता दर शनिवारी दुपारी आमच्या कार्यालयात नातेवाइकांसाठी विनामूल्य वर्ग होतो आणि शक्य झाल्यास डिस्चार्जच्या आधीच त्यांनी यावे, अशी विनंती आहे. फोन करताना डिस्चार्ज कार्ड, नळीवर छापलेला आकार आणि ती घातल्याची तारीख जवळ ठेवावी. मात्र लघवी थांबून ओटीपोट फुगले असेल, नळीतून रक्ताच्या गाठी येत असतील, स्टोमा काळपट पडला असेल, अन्न देताना ठसका लागून श्वास चढला असेल किंवा पोटाला छिद्र पाडून थेट जठरात घातलेली अन्नाची नळी निघून आली असेल, तर आमच्या सिस्टरची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. अशा नळीची वाट काही तासांतच बुजू लागते.