वर्ग हसला ते पान

पहिल्याच तासाला वर्ग खो खो हसला. मला वाटलं होतं, मुलं अंतर्मुख होतील.

हातात जीन लुएन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' होतं. किशोरांच्या पुस्तकांसाठी अमेरिकेत दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कार २००७ साली मिळवणारी ही पहिली ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी. त्यात डॅनी या मुलाकडे त्याचा चिन-की नावाचा चुलतभाऊ येतो. पुढे आलेले दात, लांब वेणी, मोडकंतोडकं इंग्रजी... चिनी माणसाची आजवर झालेली सगळी टिंगल लेखकाने मुद्दाम त्या एका पात्रात कोंबली आहे. मुलांनी 'मुद्दाम' तेवढं सोडलं आणि बाकीचं उचललं. मधल्या सुट्टीत नकला सुरू झाल्या. जिच्या उच्चारांना एरवीही सगळे हसतात, ती मुलगी तासभर पुस्तक मिटून बसली होती. मला ते दिसत होतं, तरी मी धडा रेटत राहिले.

ते पुस्तक कपाटात ठेवलं आणि शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' काढलं. त्यात संवाद नाहीत, निवेदन नाही, नुसती चित्रं. बायको-मुलीला मागे ठेवून एक माणूस परक्या शहरात येतो. तिथल्या पाट्यांवरची लिपी चित्रकाराने मनानेच रचलेली, त्यामुळे वर्गातला पहिला नंबरही तिथे निरक्षर! एका प्रसंगात त्या माणसाला भिंतीवर पत्रकं चिकटवायचं काम मिळतं आणि तो ती उलटी चिकटवतो. निम्म्या वर्गाला चूक कळलीच नाही. कळली तेव्हा हसले, पण लगेच कुणीतरी म्हणालं, "आपण तरी कुठे ओळखलं?"

या पुस्तकावर तीन आठवडे गेले; ठरवला होता एकच. दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत काय घडलं असेल, एवढंच जोडीजोडीने लिहायचं. एकाच पट्टीची इतकी वेगळी उत्तरं यायची की भांडणं सोडवावी लागत.

मग कपाटातलं पुस्तक परत काढलं. तेच पान. या वेळी चौकटींच्या तळाशी बघायला सांगितलं. तिथे टीव्हीवरच्या विनोदी मालिकेसारखा हशा आणि टाळ्या छापलेल्या आहेत. विचारलं, "हे कोण हसतंय?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आलं, "पण बाई, हसू आलंच तर काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न तसाच फळ्यावर लिहून ठेवला.

शेवटी प्रत्येकाने स्वतःचं एक पान काढायचं होतं. 'तुमची संस्कृती दाखवा' असं मी म्हणाले नाही. तसं म्हटलं की सगळे सणावाराचे कपडेच काढतात. 'आपण वेगळे आहोत असं वाटलं तो क्षण', एवढाच विषय.

त्या मुलीच्या पानावर चार चौकटी होत्या. चारींच्या तळाशी 'हा हा हा'. शेवटच्या चौकटीत कोपऱ्यात एक पाठमोरी बाई, हातात खडू.

ती कोण, हे मी विचारलं नाही.