सातबाऱ्यावरचं नाव

सोमवार, रात्र

दादानं आणि मी विकलेल्या रानाबद्दल तलाठी कार्यालयाची नोटीस आली. खरेदीखतावरून फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला आहे, हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावी. वकील म्हणाले, रीतसर कागद आहे, विकणाऱ्यालाही जातो. दहिवडीला नोंदणीच्या वेळी फोटो निघाला, अंगठा झाला, पैसे खात्यावर आले, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज मात्र जेवण गेलं नाही.

हरकत कशाची घेणार? सही माझीच आहे.

नाव जातंय, ते लागतंय. आबा गेल्यावर वारसनोंदीत माझं नाव दादानं स्वतःहून लावलं. आमच्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात आणि माहेर तुटू नये म्हणून बहिणीही देतात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा देणारा २००५ चा कायदा येऊनही माझ्या दोन्ही मावसबहिणींनी सह्या केल्याच. मी एकटी सातबाऱ्यावर राहिले. ऑनलाइन उतारा काढून किती वेळा नुसता बघत बसायचे! आबांच्या नावावर आडवी रेघ आणि खाली दादा, मी. आता आम्हा दोघांवरही रेघ येणार.

१९७२ च्या दुष्काळात आबा खडी फोडायला गेले, पण जमीन विकली नाही. हे आठवलं की पुढचं काही लिहवत नाही.

दादानं का विकायचं ठरवलं, ते वहिनींचे रिपोर्ट बघितल्यावर मी विचारलंसुद्धा नाही.

वकिलांनी सुचवलं होतं, वीस-पंचवीस गुंठे राखा, शेतकरी म्हणून दाखला मिळत राहील. कूळकायद्यानं शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे माझ्या लेकीला उद्या वाटलं, तरी वाट अवघड. पण मधलाच तुकडा ठेवला तर बैलगाडी कुठून न्यायची, पाइप कुठून टाकायचा, यावरून पुढं भांडणंच. दादा नको म्हणाला. मीही नको म्हणाले. तरी रात्री वाटतं, नाव राहिलं असतं.

नाव, नाव. पण पंधरा-वीस वर्षं रान कसलं कुणी? नानांनी. अर्धेलीनं, निम्मं पीक त्यांचं, निम्मं आमचं. ज्वारी काढायची आणि आमचा वाटा पोत्यात भरून एसटीनं पाठवायचा. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप आलं तेव्हा रानात उभं राहून फोटोही त्यांनीच काढले, पीक मात्र माझ्या नावावर चढलं. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर. घेणारेही तेच आहेत. बाहेरच्या कुणाला, प्लॉट पाडणाऱ्याला दिली असती तर आज मी खरंच हरकत घ्यायला धावले असते. एवढं तरी नीट झालं. मनापासून लिहितेय हे, समजूत म्हणून नाही. किंवा थोडी समजूतही असेल.

खरेदीखतात होतं, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. तरू म्हणजे बांधावरची बोर आणि लिंब. पाषाण भरपूर. जल कधी नव्हतंच. आबांनी विहीर खणली, कातळ लागला आणि ती तशीच राहिली. त्या खड्ड्याकडे बघून ते गप्प व्हायचे.

सही करून निघताना नाना म्हणाले, "ताई, पाणाड्या बघून गेलाय. लिंबापाशी बोअर मारणार हाय. पाणी लागलं तर पहिला फोन तुम्हाला."

लागू दे.