तुम्ही विचारलंत म्हणून: एकवीस हजारांचा दाखला

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या घोळक्यात हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी निघतोच. "मॅडम, तुम्ही दर शनिवारी डोंगरउतारावरच्या जनता वसाहतीत बायकांचे सरकारी योजनांचे फॉर्म भरून देता. आमच्या टॅक्सचे पैसे असे वाटणं तुम्हाला पटतं का? आणि खरा गरीब कोण, हे ठरवायचं कुणी?" विचारणारी माणसं वाईट नाहीत. उभा जन्म नोकरी करून, हप्ते फेडून वर आलेली आहेत. चालता चालता त्यांना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

दुसरा प्रश्न आधी घेते. खरी गोम तिथे आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दिवसाला अठ्ठावन्नसुद्धा नाहीत. पुण्यात एवढ्यात कोण जगतं?

गेल्या वर्षी एक बाई आली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. गुडघे गेले म्हणून चार घरची धुणीभांडी दोनवर आली होती, पाच हजार मिळत होते आणि त्यातले साडेतीन खोलीच्या भाड्यात जात होते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेलं. उत्पन्नाच्या रकान्याशी मी थांबले, तसं तिनं हळूच विचारलं, "ताई, खरं लिहू का मिळेल असं लिहू?"

महापालिकेच्या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं. मुलांना खरं लिहायला शिकवणं हेच माझं काम होतं. त्या बाईनं साठ हजार लिहिले असते तर ती सरकारच्या लेखी गरीबच नव्हती. एकवीस लिहिले असते तर ती खोटारडी. आणि उद्या कुणी पडताळणी केली की वर्तमानपत्रात "बोगस लाभार्थी" म्हणून तीच मोजली जाणार. तिनं खरं लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. मला त्या रात्री झोप लागली नाही. आजही फॉर्मच्या त्या रकान्यावर बोट आलं की पोटात कालवतं.

आता टॅक्सचं. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला "पी.टी." म्हणजे व्यवसाय कर (प्रोफेशनल टॅक्स) कापलेला असायचा. तुमच्याही असेल. आज तो जास्तीत जास्त वर्षाला २,५०० रुपये असतो, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. रोजगार हमी ही विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, केंद्राचा कायदा यायच्या अठ्ठावीस वर्षं आधी. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं आणि गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम मिळायचं, हे आपल्या राज्यानं उघड्या डोळ्यांनी ठरवलं होतं. त्यात उत्पन्नाचा दाखला नव्हता. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, एवढी साधी परीक्षा.

मला ती परीक्षा ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते, गाव पुरंदरातलं. हा कायदा अजून व्हायचा होता, पण दुष्काळी कामं निघाली होती. आई पाझर तलावाच्या कामावर पाट्या टाकायला जायची. तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्ही तिघं भावंडं गाठ सुटायची वाट बघत बसायचो. आईच्या तळहातावर घट्टे होते, तेच तिचं ओळखपत्र. त्या सुकडीवर वाढलेली मुलगी पुढे शिकली, नोकरीला लागली आणि तिच्याच पगारातून पी.टी. कापला गेला.

शिवाय सरकारकडून घेतो आपण सगळेच. माझा मुलगा जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांपर्यंतची वजावट घेतो. पीएमपीएमएलच्या बसची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका भरून काढतात, तेव्हा माझं तिकीट परवडतं. मला किंवा मुलाला कुणी लाभार्थी म्हणत नाही.

लाडकी बहीणबद्दल तर हमखास विचारतात. जून २०२४ मध्ये घोषणा झाली, ऑगस्टमध्ये आपल्याच बालेवाडीत शुभारंभ, नोव्हेंबरात निवडणूक. ही घाई मला आवडली नाही. पडताळणी आधी व्हायला हवी होती. पुरुषांच्या खात्यातही पैसे गेल्याचं पुढे उघड झालं, सरकारी नोकरीतल्या बायकांनीही घेतले. त्यांचा मलाही संताप येतो. पण कोण आयकर भरतं, कोण सरकारी पगार घेतं, कुणाच्या नावावर चारचाकी आहे, हे सगळं सरकारच्याच दप्तरी आहे. ते सरकारनं तपासावं. त्याऐवजी चाळणी धरली जाते ती सगळ्यात दुबळ्या बाईपुढे.

२०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, आली आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी पुढे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. पण जिचा नवरा सोडून गेला, त्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला असतो, ना कोर्टाचा निकाल. तिच्याकडे फक्त तो गेल्याची तारीख असते. कधी कधी तीही नसते.

रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, हे तर रोजचं. वर्षानुवर्षं राख आणि साबणानं भांडी घासून रेघाच झिजलेल्या. बायका पदराला अंगठा पुसतात, केसांतलं तेल लावतात, पुन्हा ठेवतात. तेवढ्यात मागची रांग ओरडते.

त्यामुळे मला पटतं का, याचं उत्तर हो. योजनेत चुका आहेत, तरीही हो. चार नको ती माणसं पैसे घेऊन गेली तर मला राग येईल, पण ते पैसे वसूल करता येतात. गुडघे गेलेली बाई रिकाम्या हातानं डोंगर चढून घरी गेली, तर तिचे ते दिवस कोण परत आणणार? २१,००० ची मर्यादा वाढवा, एवढं तरी आपण सगळे मिळून मागू शकतो. तळजाईवरच्या आम्ही वीस-पंचवीस जणांनी सह्या केल्या तरी एक अर्ज होतो. मसुदा मी लिहून ठेवला आहे.

ती बाई या शनिवारी पुन्हा येणार आहे. आता एकच घर उरलंय तिच्याकडे, महिन्याला अडीच हजार. वर्षाचे तीस हजार होतात. अजून नऊ हजारांनी जास्तच.