जीपच्या प्रोपेलर शाफ्टला ग्रीस देताना : माझा अनुभव

आमच्या घरची जीप १९६८ सालची, महिंद्राची सीजे-३बी आहे. वडिलांच्या पश्चात तिची देखभाल माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात जाऊन परत येताना, पौडच्या अलीकडे, गाडीखालून चिमणीसारखा बारीक चिवचिवाट ऐकू येऊ लागला. वेगाबरोबर तो वाढत होता, क्लच दाबला तरी थांबत नव्हता आणि न्यूट्रलमध्ये गाडी उतारावरून घरंगळत असतानाही चालूच राहत होता. म्हणजे दोष इंजिनाकडचा नव्हता, चाकांबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा होता. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना ‘टक्’ असा आवाजही येत होता. वाटेत दोन ठिकाणी रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली होती, त्यामुळे संशय प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती अॅक्सलकडे (चाकांच्या आसाकडे) नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, जोडांमधल्या क्रॉसवर गेला.

मागचा अॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर सतत वरखाली होत असल्यामुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट असतो, आणि लांबी कमीजास्त व्हावी म्हणून मध्ये खाचांचा एक सरकता जोड असतो. युनिव्हर्सल जॉइंटच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस बसतो व त्याच्या चारही टोकांवर सुयांसारखे बारीक रोलर भरलेले कप असतात. हे रोलर पूर्ण फिरत नाहीत, जागच्या जागी थोडेसे डोलतात. त्यामुळे ग्रीस आतल्या आत पसरत नाही, तेच रोलर त्याच जागी घासत राहतात, आणि एकदा पाणी शिरले की गंज तिथूनच धरतो.

नाना पेठेत सुटे भाग घ्यायला गेलो असता, ज्यांच्याकडे वडील गाडी नेत असत ते मिस्त्रीकाका भेटले. निघताना मला म्हणाले, “पंप किती मारले ते मला सांगू नका. चारही कपांच्या कडेने नवे ग्रीस दिसले का, तेवढे सांगा.” हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडले.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम सुरू केले. या जीपचे एक वैशिष्ट्य इथे सांगितलेच पाहिजे, कारण त्यावर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे. हिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत नाही; ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढच्या-मागच्या शाफ्टला देणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवरच एक ड्रम आहे आणि ब्रेक त्याला धरतो. त्यामुळे मागचे एक चाक उचलले तर डिफरन्शियलमुळे (अॅक्सलमधल्या, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो, आणि शाफ्ट काढला तर तो मुळीच उपयोगाचा राहत नाही. मी जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, मागचे उजवे चाक जॅकने उचलून अॅक्सलखाली स्टँड दिला, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि मगच हँडब्रेक सोडला, म्हणजे चाक हाताने फिरवून हवा तो निपल (ग्रीसगनने ग्रीस भरायचे टोक) खालच्या बाजूला आणता येत होता.

एका शाफ्टला तीन निपल, म्हणजे पुढचा-मागचा मिळून सहा. मागचे तिन्ही वाळलेल्या चिखलात गाडले गेले होते. तारेच्या ब्रशने व डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने ते लख्ख होईपर्यंत पुसले; निपलच्या तोंडावर मातीचा एक कण जरी राहिला, तरी ग्रीसगनच्या दाबाने तो थेट रोलरांमध्ये जातो. ग्रीस लिथियमचे, दोन नंबरच्या घट्टपणाचे घेतले होते.

ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसने ग्रीस लगेच घेतले आणि चारही कपांच्या कडेने ते बाहेर आले. अॅक्सलकडच्या क्रॉसने मात्र तीनच ठिकाणी दाद दिली. चौथा कप कोरडाच राहिला आणि गनचा दांडा हाताला घट्ट लागू लागला. इथे बहुतेक जण थांबतात, कारण ग्रीस बाहेर आलेले दिसते आणि काम झाल्यासारखे वाटते. मी त्या कपाला धरून ठेवणारा यू-बोल्ट (यू आकाराचा बोल्ट) पाव आटा सैल केला, शाफ्ट हाताने वरखाली हलवला आणि पुन्हा पंप मारला. आधी विटकरी रंगाचे पाणी टपकले, मग काजळीसारखे काळे ग्रीस आणि त्यामागून मधाच्या रंगाचे नवे ग्रीस हळूहळू बाहेर आले. कप दबून अडेल इतका तो यू-बोल्ट कोणीतरी आवळून ठेवला होता.

बोल्ट बेताने आवळताना नजर सरकत्या जोडाकडे गेली. तिथे शाफ्टवर एक आणि त्यावर सरकणाऱ्या बाहीवर एक असे दोन बाण कोरलेले असतात. ते समोरासमोर असायला हवेत, आमचे दोन दाते सरकलेले होते. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ऑइल सील बदलण्यासाठी शाफ्ट उतरवला होता आणि तेव्हापासून पन्नासच्या पुढे सीटखाली थरथर जाणवत होती. मी ती टायरची समजून दोनदा बॅलन्सिंगही करून घेतले होते. कोनात फिरणारा एकटा युनिव्हर्सल जॉइंट एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो व दोनदा कमी करतो. दुसरा जॉइंट त्याच पातळीत बसवला, तरच तो ही चढउतार भरून काढतो. बाण त्यासाठीच असतात. ते पाहून मला खरोखर वाईट वाटले, कारण ही थरथर दोन वर्षे त्या क्रॉसच्या रोलरांनी सोसली होती.

शाफ्ट पुन्हा उतरवला. यू-बोल्ट निघताच सुटे होणाऱ्या दोन्ही कपांवर आधी चिकटपट्टी गुंडाळली. कप निसटला तर रोलर जमिनीवर विखुरतात, आणि त्यातला एक जरी कमी भरला गेला तरी क्रॉस वाया जातो. धुळीची टोपी सैल करून बाही ओढली, खाचा डिझेलने धुतल्या, बोटाने ग्रीसचा हात फिरवला आणि बाणासमोर बाण आणून बाही परत सरकवली. या जोडाच्या निपलला मोजकेच पंप द्यावेत. ग्रीस ठासून भरले तर बाहीला आत सरकायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात अॅक्सल वर उचलला गेला की तो सगळा दाब ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो.

संध्याकाळी कात्रज घाट चढून उतरलो. चिवचिवाट गेला होता, साठच्या वेगालाही सीटखाली थरथर नव्हती. ‘टक्’ मात्र पूर्ण गेलेला नाही, थोडा उरला आहे.

तो कुठला, हे पुढच्या रविवारी कळले. आमच्या जीपच्या पुढच्या चाकांना सुटे होणारे हब (चाकाचा शाफ्टशी असलेला संबंध तोडता येईल अशी जोडणी) नाहीत, त्यामुळे फोर-व्हील लावलेले नसले तरी पुढचा शाफ्ट चाकांबरोबर सतत फिरत असतो, आणि ‘तो तर वापरात नाही’ म्हणून त्याच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. त्याच्या ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसच्या दोन कपांनी, बोल्ट सैल करूनही, नवे ग्रीस बाहेर येऊ दिले नाही. शाफ्ट हाताने पिळला तर क्रॉसमध्ये ढिलाई जाणवत होती. बदलीचा क्रॉस नाना पेठेतून आणून ठेवला आहे. कपांच्या खोबणीतल्या सर्क्लिपा (कप जागी अडकवून ठेवणाऱ्या कड्या) गंजल्या आहेत, म्हणून त्यांवर रोज थोडे तेल सोडतो आहे.