पोच द्या

आमची कंपनी ॲपवरून औषधं विकते, त्यामुळे बाणेरच्या ऑफिसात ग्राहक कधी येत नाहीत. औषधं गोदामातून जातात, तक्रारी ईमेलवर येतात आणि रिसेप्शनला फक्त कुरिअरवाले दिसतात. त्यामुळे "मॅडम, एक काका आलेत, अर्ज द्यायचाय" असा खालून फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी नोकरीचा असेल.

अर्ज हाताने लिहिलेला, दोन प्रतींत. विषय अधोरेखित: 'माझे खाते व त्यातील सर्व माहिती कायमची नष्ट करण्याबाबत'. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच हवी होती. काका सदाशिव पेठेतून बस बदलून आले होते. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त.

"ॲप मी दिवाळीतच काढून टाकलं. तरी तुमचे मेसेज येतात, मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या का म्हणून. फोन टेबलावर असतो, आल्यागेल्याला दिसतो. माझी साखर सगळ्यांना कशाला सांगता?"

राग रास्त होता. ॲप काढल्यावर फोनमधली जागा मोकळी होते, एवढंच. खातं, पत्ते, प्रिस्क्रिप्शनचे फोटो सगळं सर्व्हरवर तसंच राहतं. प्ले स्टोअरवरून घेतलेली सबस्क्रिप्शनसुद्धा ॲप उडवल्याने थांबत नाही. आधी खातं बंद करायचं, मग ॲप काढायचं, हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात. ते बटण कंपन्या कुठे दडवतात हे बघता, मी लोकांना दोष देणार नाही. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते काढायची सोयही ॲपमध्येच हवी, अशी सक्ती ॲपलने ३० जून २०२२ पासून केली. गूगलने २०२३ मध्ये त्यापुढे जाऊन ॲपबाहेर, वेबवरही दुवा मागितला. आमचं वेबवरचं पान होतं, पण अटी-शर्तींच्या तळाशी.

ते पान उघडून दिलं. काकांच्या फोनवर ओटीपी आला, विनंती नोंदली गेली. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. काकांचं लेखापरीक्षण आता सुरू झालं.

"नष्ट म्हणजे कुठून कुठून?"

मुख्य डेटाबेसमधून लगेच, म्हटलं. बॅकअपमधून, म्हणजे राखीव प्रतींतून, महिन्याभरात, जुने बॅकअप आपोआप पुसले जातात तसं. बिलं मात्र राहणार, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. इथे ते वाद घालतील असं वाटलं होतं. उलट खुलले. सरकारी दप्तरातही 'अ' वर्ग कायमचा, 'ड' वर्ग वर्षभराचा, असं सांगू लागले. "ठेवा, पण कशासाठी आणि कधीपर्यंत ते लिहून द्या. आणि मधेच बॅकअप परत चढवायची वेळ आली तर?"

हा प्रश्न आमच्या मुलाखतीत नवे इंजिनिअर सोडवू शकत नाहीत. बॅकअप चढवला की पुसलेली माणसं जिवंत होतात. म्हणून पुसलेल्या खात्यांच्या क्रमांकांची वेगळी यादी ठेवावी लागते आणि बॅकअप चढवल्यावर त्या यादीतली खाती पुन्हा पुसावी लागतात. नाव नाही, नंबर नाही, नुसता खातेक्रमांक. "म्हणजे नष्ट केल्याची नोंदवही," काका म्हणाले. अगदी तेच.

"आणि तुमच्याशिवाय कुणाकडे?"

मी मार्केटिंगला फोन लावला. गोळ्यांचे ते मेसेज आम्ही पाठवतच नव्हतो. एक एजन्सी पाठवत होती. तिला दर तिमाहीला एक्सेलची फाइल जायची, नाव, नंबर आणि औषधाचा प्रकार अशा रकान्यांची. आमच्या डेटाबेसमधून माणूस गेला तरी त्या फाइलमध्ये तो राहणारच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्या प्रक्रियादाराला, म्हणजे कंपनीसाठी माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थेला, माहिती दिली त्याच्याकडूनही ती पुसून घेण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. मार्केटिंगचा मॅनेजर मला तीच मुदत ऐकवत होता. मी स्पीकर बंद केला. काकांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

पोचेवर मी 'सर्व माहिती काढली' असं लिहिलं, त्यावर त्यांनी शांतपणे काट मारली. खाली त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं: काय काढलं, बॅकअप कधी पुसले जाणार, बिलं कोणत्या कायद्याखाली ठेवली, एजन्सीकडील यादी प्रलंबित, पुढे तारीख. शिक्का अकाउंट्सकडून मागवावा लागला.

एजन्सीचा 'काढलं' असा मेल त्या तारखेच्या आत आला. काकांना तो पुढे पाठवायला गेले, तर त्यांचा ईमेल, फोन, काहीच आमच्याकडे उरलं नव्हतं. फाइलला लावलेल्या अर्जावर पत्ता होता. मेलचा प्रिंट काढला आणि स्पीड पोस्टाने पाठवला.